सोरोस, रोथशिल्ड आणि मामांचे फॉरवर्ड : टीका कुठे संपते, ज्यूद्वेष कुठे सुरू होतो?

घाटमाथा (सातारा)

नमस्कार मंडळी. वाद आमच्या घरातला आहे, पण विषय घरापुरता नाही, म्हणून इथे विचारतोय.

माझे मामा बँकेतून निवृत्त झाले. वाचनाची गोडी मला त्यांनीच लावली. शाळेत असताना मला मोठ्याने अग्रलेख वाचायला लावायचे आणि वाचून झाला की विचारायचे, "यात पुरावा काय दिलाय सांग." तेच मामा हल्ली फॅमिली ग्रुपवर जे टाकतात ते बघून मी चक्रावलोय.

तीन नमुने देतो. पहिला: जगात कुठेही आंदोलन झालं, कुठलंही सरकार पडलं, की मागे जॉर्ज सोरोस, तो अमेरिकन ज्यू अब्जाधीश. दुसरा: रोथशिल्ड या युरोपातल्या ज्यू सावकार घराण्यातल्या एकाने वॉटर्लूची, म्हणजे नेपोलियन हरला ती लढाई डोळ्यांनी पाहिली, घोडा फेकत लंडन गाठलं, सगळ्यांच्या आधी बाजारात खरेदी केली, आणि आज "तीन देश सोडून" जगातल्या सगळ्या रिझर्व्ह बँका त्यांच्या मालकीच्या आहेत. तिसरा तुम्हीही वाचला असेल: "ज्यू लोक एवढे हुशार का?" त्यात ज्यू बाई गरोदरपणात गणितं सोडवते, बदाम, खजूर, दूध घेते, वगैरे.

मी मामांना म्हटलं की याला जुन्या ज्यूद्वेषाचा वास येतोय. ते भडकले. म्हणाले, "अरे, मी तर ज्यूंचा चाहता आहे! इस्रायलबद्दल मला किती आदर आहे तुला माहीत नाही? सोरोसला तर इस्रायलवालेही शिव्या घालतात. श्रीमंत माणसाला प्रश्न विचारला की लगेच द्वेष कसा होतो?"

मला उत्तर सुचलं नाही. कारण अब्जाधीश माणूस पैसा ओतून देशोदेशीच्या राजकारणात ढवळाढवळ करत असेल तर त्याला प्रश्न विचारलेच पाहिजेत, असं मलाही वाटतं. मग रेषा कुठे ओढायची? मामांशी भांडायचं नाहीये. नीट उत्तर द्यायचंय.

---

डॅन्यूबकाठी (मूळ मिरज)

नोकरीमुळे काही वर्षं मी हंगेरीच्या राजधानीत, बुडापेस्टला होते आणि २०१७ चा उन्हाळा मी तिथेच काढला. सोरोसची जी गोष्ट आज मामांच्या फोनवर येते, तिचा एक मोठा कारखाना त्या शहरात चालू होता. तो मी पाहिलाय, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी मामांचं जे बरोबर आहे ते. सोरोसवर टीका करायला भरपूर जागा आहे. १६ सप्टेंबर १९९२ ला ब्रिटिश पौंड कोसळला तेव्हा त्याच्या फंडाने पौंडाविरुद्ध पैसे लावून सुमारे एक अब्ज डॉलर कमावले. सोसिएते जनराल या फ्रेंच बँकेच्या शेअर-खरेदीत आतली माहिती वापरल्याबद्दल २००२ मध्ये तिथल्या कोर्टाने त्याला दोषी ठरवलं. त्याची संस्था देशोदेशी पैसे वाटते आणि त्यामागे त्याची स्वतःची राजकीय मतं आहेत, तो ती लपवतही नाही. या प्रत्येक गोष्टीवर लिहा, बोला, जाब विचारा. यात ज्यूद्वेष नाही.

आता बुडापेस्ट.

जुलै २०१७ मध्ये एका सकाळी शहरभर पोस्टरं लागली. बसस्टॉपवर, मेट्रोत, हमरस्त्यावर. म्हाताऱ्या सोरोसचा हसरा चेहरा, आणि मजकूर असा: ९९ टक्के लोकांनी बेकायदा स्थलांतर नाकारलं आहे, शेवटी सोरोस हसणार, असं होऊ देऊ नका. सरकारी खर्चाने लावलेली पोस्टरं होती ही. काही ट्रॅममध्ये तर ती जमिनीवर चिकटवली होती. चढताना चेहऱ्यावर पाय पडायचाच. काही जण बिनदिक्कत तुडवून जायचे, काही जण कडेकडेने सरकत आत शिरायचे. त्या ट्रॅममध्ये एरवी खिडकीबाहेर बघणारी माणसं एकमेकांच्या पायांकडे बघायला लागली होती. हे मी स्वतः पाहिलंय.

मी आठव्या जिल्ह्यात राहायचे. इमारत शंभर वर्षांपूर्वीची, मध्ये चौक, प्रत्येक मजल्यावर चौकाभोवती लोखंडी कठड्याची गॅलरी आणि तिच्यात सगळ्यांचे दरवाजे. थेट आपल्या गिरगावातली चाळ. खालच्या मजल्यावर एक आजी एकट्या राहायच्या. १९४४ च्या जूनमध्ये बुडापेस्टच्या ज्यूंना घरं सोडून ठरावीक इमारतींत कोंबलं गेलं होतं. दारावर पिवळा तारा लावलेल्या सुमारे दोन हजार इमारती. अशाच एका इमारतीत आजींचं लहानपणचं ते वर्ष गेलं. राजधानीबाहेरच्या ज्यूंची अवस्था त्याहून भीषण झाली. मे ते जुलै १९४४ या आठ आठवड्यांत हंगेरीतून ४,३०,००० हून जास्त माणसं गाड्यांत भरून पाठवली गेली, बहुतेक सगळी ऑशविट्झच्या मृत्युछावणीत. आणि या गाड्या भरून द्यायला हंगेरियन पोलीस आणि अधिकारी होते, फक्त जर्मन नव्हते. सोरोस स्वतः त्याच शहरातला, १९३० चा जन्म. वडिलांनी खोटे कागद मिळवले म्हणून तो वाचला.

ती पोस्टरं लागल्यावर काही दिवसांतच त्यांवर मार्करने लिहिलेलं दिसायला लागलं: "घाणेरडा ज्यू". कपाळावर काढलेले तारे दिसले. हे कुणी शिकवलं? पोस्टरवर "ज्यू" हा शब्द कुठेच नव्हता. सरकार तेच म्हणत होतं. तिथल्या ज्यू समाजाच्या मध्यवर्ती संघटनेच्या अध्यक्षांनी पंतप्रधान ओर्बान यांना पत्र लिहून ही मोहीम थांबवा अशी विनंती केली, तेव्हा सरकारचं म्हणणं हेच होतं की मुद्दा स्थलांतराचा आणि देशाच्या सुरक्षेचा आहे, धर्माचा नाही. म्हणजे मामांचंच वाक्य. पण ज्याने मार्कर उचलला त्याला न लिहिलेला शब्द बरोबर वाचता आला होता.

ही मोहीम जन्मली कशी, तेही आता उघड आहे. ओर्बान यांच्यासाठी आर्थर फिंकेलस्टाइन आणि जॉर्ज बिर्नबाउम हे दोन अमेरिकन निवडणूक सल्लागार काम करत होते. फिंकेलस्टाइनचं सूत्र असं की मतदाराला आपल्या बाजूने उभं करायचं तर त्याला विरोधात उभं राहायला कुणीतरी द्या. २०१० ला ओर्बान प्रचंड बहुमताने आले, विरोधी पक्ष मोडकळीला आला, आणि मग शत्रूच उरला नाही. सोरोस आयता सापडला: श्रीमंत, परदेशात राहणारा, संस्थांना पैसे देणारा, आणि निवडणुकीला उभा राहून उत्तर देणार नाही असा. हे पुढे बिर्नबाउमनेच पत्रकारांना सांगितलं. दोघे सल्लागार स्वतः ज्यू. आमचा हेतू ज्यूद्वेषाचा नव्हता, असं त्याचं म्हणणं. मी त्यावर विश्वास ठेवायला तयार आहे, पण त्याने काहीच बदलत नाही. त्यांनी मोजमाप करून निवडलेल्या चेहऱ्याला लोकांनी इतकी झटकन साथ दिली, कारण तो साचा तिथे आधीपासून पडून होता. ओर्बान १९८९ मध्ये सोरोसच्याच शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले होते, हेही मामांना जरूर सांगा.

त्याच वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर सरकारने घरोघरी प्रश्नावली पाठवली, "सोरोस प्लॅन"वर. सात विधानं, प्रत्येकापुढे हो किंवा नाही. मला येण्याचा प्रश्न नव्हता, मी परदेशी. आजींना आली. त्यांनी गॅलरीतून मला हाक मारली, चष्मा लावून एकेक विधान वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, "मला हा प्लॅन एकदा वाचायला तरी द्या. कुठे मिळतो?"

तो कुठेच मिळत नव्हता, कारण त्या नावाचा दस्तऐवजच नव्हता. होता तो २०१५ मधला एक लेख. युरोपात निर्वासितांचे लोंढे येत होते तेव्हा सोरोसने लिहिलं होतं की युरोपीय संघाने वर्षाला किमान दहा लाख आश्रितांना घ्यायची तयारी ठेवावी, आणि ज्या देशात ते जातील त्यांना संघाने माणशी वर्षाला १५,००० युरो, असे पहिली दोन वर्षं द्यावेत. पुढच्या वर्षी त्याने दहा लाखांचा आकडा तीन लाखांवर आणला. प्रश्नावलीत काय झालं बघा. तीन लाखांचा पत्ताच नाही, दहा लाख तसेच. आणि दोन वर्षांचे ३०,००० युरो, म्हणजे तिथल्या चलनात अंदाजे ९० लाख फोरिंट, हे "हंगेरीने प्रत्येक स्थलांतरिताला द्यायचे" म्हणून छापले. जे पैसे लेखानुसार हंगेरीला मिळायचे होते, ते हंगेरीच्या खिशातून जाणार झाले! लेखावर टीका करता आली असती. दहा लाख हा आकडा मलाही अव्यवहार्य वाटतो. पण लेख बाजूला राहिला आणि त्याच्या जागी एक कट उभा राहिला.

मार्च २०१८ मध्ये निवडणुकीआधी, १५ तारखेला, म्हणजे त्यांच्या राष्ट्रीय दिनी, ओर्बान यांनी भाषण केलं. शत्रूचं वर्णन असं: तो उघड नाही, लपलेला आहे, सरळ नाही, कावेबाज आहे, राष्ट्रीय नाही, आंतरराष्ट्रीय आहे, कष्टावर त्याचा विश्वास नाही, तो पैशाचा सट्टा खेळतो, त्याला स्वतःचा देश नाही, पण सगळं जग आपलं आहे असं त्याला वाटतं. घाटमाथा, हे मामांना नाव न सांगता वाचून दाखवा आणि विचारा, कोणत्या सालचं भाषण असेल? १९३० च्या दशकातलं असंच कुणीही म्हणेल.

माझं म्हणणं एवढंच आहे. टीका माणसावर होते: त्याने अमुक साली अमुक केलं, हे त्याचे कागद. आणि ज्यूद्वेषी कटकथेत माणूस नुसता बसवलेला असतो. गोष्ट आधीच लिहून तयार असते, फक्त नाव भरायचं बाकी असतं.

हे मी अलंकारिक बोलत नाही, अक्षरशः असं झालेलं आहे. ज्यू पुढाऱ्यांच्या गुप्त बैठकीचं इतिवृत्त म्हणून ज्याचा जगभर प्रचार झाला, ते "झायनच्या वडीलधाऱ्यांचे प्रोटोकॉल" १९०३ मध्ये रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या एका वर्तमानपत्रात छापून आले. छापणारा पावेल क्रुशेवान. याचंच दुसरं वर्तमानपत्र किशिनेव्हमध्ये होतं. ज्यू लोक ख्रिस्ती मुलांचं रक्त काढतात, ही अफवा त्याने त्याच वर्षी तिथे पेटवली आणि दंगलीत ४९ ज्यू मारले गेले. १९२१ मध्ये लंडनच्या "टाइम्स"चा बातमीदार फिलिप ग्रेव्ह्ज याने मजकूर शेजारी शेजारी ठेवून दाखवून दिलं की हे मोठमोठे उतारे मोरिस जोली या फ्रेंच वकिलाच्या १८६४ च्या पुस्तकातून उचललेत. ते पुस्तक फ्रान्सचा तेव्हाचा सम्राट तिसरा नेपोलियन याच्यावरची राजकीय टीका होती. त्यात ज्यूंचा उल्लेखही नाही! नाव बदललं, गोष्ट तीच. तोवर अमेरिकेत हेन्री फोर्ड आपल्या साप्ताहिकातून ती लाखो लोकांपर्यंत पोचवत होता. त्याने १९२७ मध्ये माफी मागितली. तोवर जर्मनीत जे व्हायचं ते सुरू झालं होतं.

आणि हे सगळं पोस्टरपुरतं, फोनपुरतं राहत नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये मध्य अमेरिकेतून चालत निघालेल्या स्थलांतरितांच्या तांड्याला सोरोस पैसे देतो, अशी अफवा अमेरिकेत पसरली होती. २२ तारखेला त्याच्या न्यूयॉर्कजवळच्या घराच्या टपालपेटीत बॉम्ब सापडला. २७ तारखेला, शनिवारी सकाळी प्रार्थना चालू असताना, पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, एकाने गोळ्या घालून ११ जणांना मारलं. निर्वासितांना मदत करणारी एक ज्यू संस्था "घुसखोरांना" आणते, असं तो आत शिरण्याआधी लिहून गेला होता. मेलेल्यांत ९७ वर्षांच्या एक आजी होत्या. ती बातमी वाचली तेव्हा मला आमच्या खालच्या मजल्याची आठवण झाली नसती तर नवल.

मामा असं काही करणार नाहीत, हे मलाही माहीत आहे. पण ज्या साखळीतून हे जातं तिच्यातला एक दुवा ते होताहेत. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाने बिनसहीचा कागद पुढे पाठवू नये.

---

रोखठोक (पुणे)

लेख उत्तम, पण दोन गोष्टी राहिल्या.

पहिली, मामांचा मुद्दा तुम्ही टाळला. इस्रायल सरकारलाच सोरोस नकोय. नेतान्याहूंच्या मुलाने २०१७ मध्ये सोरोसला जगाच्या दोऱ्या हलवणारा दाखवणारं चित्र टाकलं होतं. मग ते काय ज्यूद्वेषी?

दुसरी, माझ्या दृष्टीने जास्त गंभीर. आज "ज्यूद्वेष" हा शब्द तोंड बंद करायला वापरला जातो. गाझात इतकी माणसं मेली, त्यावर बोललं की हा शिक्का. ज्या शब्दाने टीकाकारांना गप्प केलं जातं त्या शब्दाबद्दल इतकं हळवं का व्हावं?

---

शनवारतेली (ठाणे)

वाचून निघून जाणार होतो, पण तिसऱ्या नमुन्याबद्दल कुणी बोलत नाहीये. त्यावर बोलायचा हक्क माझा आहे, कारण मी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू.

"ज्यू लोक एवढे हुशार का" हा फॉरवर्ड मला माझ्याच शाळेच्या ग्रुपवर आला. खाली टाळ्यांच्या, नमस्काराच्या खुणा. मी त्या ग्रुपवर आहे हे कुणाच्या लक्षातही नव्हतं. त्यांच्या डोक्यातला ज्यू न्यूयॉर्कच्या बँकेत बसतो, ठाण्यात त्यांच्या शेजारच्या बाकावर बसत नाही.

माझी पणजी रेवदंड्याकडची. घरात तेलाचा घाणा. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने आम्हाला शनवार तेली म्हटलं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. पणजीला सही येत नव्हती. गरोदरपणी ती गणितं सोडवत नव्हती, भात कांडत होती. आमचे लोक घाणा चालवायचे, सुतारकाम करायचे, पलटणीत जायचे, पुढे रेल्वेत आणि पोस्टात कारकून झाले. आडनावं बघा: नवगावकर, किहीमकर, रोहेकर, पेणकर, दिवेकर. जगाच्या तिजोरीची किल्ली यातल्या कुणाकडेच नव्हती. डॉ. ई. मोझेस मुंबईचे महापौर झाले. महालक्ष्मीहून वरळीला जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं नाव आहे. त्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्या किती जणांना ते आमच्यातले होते हे माहीत असेल?

आमच्या समाजातल्या म्हाताऱ्या माणसांनी मला कायम एक गोष्ट सांगितली. कोकणात शेकडो वर्षं राहिलो, आमच्यावर कधी कुणी हात उगारला नाही. याचा मला अभिमान आहे, आणि आजूबाजूच्या लोकांबद्दल मनापासून कृतज्ञता आहे. म्हणूनच तो फॉरवर्ड जास्त लागतो. "ज्यू सगळ्यांपेक्षा हुशार, सगळ्यांपेक्षा श्रीमंत, सगळीकडे त्यांची माणसं" हे कौतुकाने म्हणा की चिडून म्हणा, वर्णन एकच आहे. आज टाळ्या पडताहेत. उद्या भाव वाढले, नोकऱ्या गेल्या, साथ आली, की याच वर्णनावरून विचारणार, "मग हे कुणी केलं?" करोनात हे बघून झालंय.

२६/११ ला मुंबईत नरिमन हाऊस या ज्यू केंद्रावर हल्ला झाला तो रस्ता चुकून नाही. ती जागा हेरून ठेवलेली होती. तिथले धर्मगुरू (रब्बाय) गॅव्रिएल होल्ट्झबर्ग, त्यांची बायको रिव्का आणि आणखी चार जण तिथे मारले गेले. त्यांच्या दोन वर्षांच्या मुलाला सांभाळणाऱ्या सँड्रा सॅम्युएल यांनी उचलून बाहेर आणलं म्हणून तो जगला. आणि काही दिवसांत "हे मोसादनेच (इस्रायलच्या गुप्तहेर संस्थेने) घडवून आणलं" अशी गोष्ट फिरायला लागली. मेलेल्यांनाच मारेकरी ठरवणारी ही गोष्ट लिहायला कुणाला वेळही लागला नाही.

रोखठोक, तुमच्या दुसऱ्या मुद्द्यावर. माझी आत्या इस्रायलमध्ये अश्दोदला राहते, घरात अजून मराठी बोलते, प्रेषित एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिद्याचं ताट मांडते. तिची दोन मुलं दोन बाजूंची. एक सरकारसोबत, एक दर शनिवारी रात्री सरकारविरुद्ध मोर्चाला. इस्रायल सरकारवर बोला, आमच्या घरात तर जेवताना बोलतात. पण नेतान्याहूंच्या निर्णयाचा जाब ठाण्यात मला विचारू नका.

---

डॅन्यूबकाठी (मूळ मिरज)

शनवारतेली, तुमच्या पोस्टने माझ्या पोस्टमधली मोठी जागा भरली. कौतुकाचा आणि द्वेषाचा मजकूर एकच, हे मी असं मांडू शकले नसते.

रोखठोक, पहिला मुद्दा मी टाळला नाही, राहून गेला. उलट तो बुडापेस्टमध्ये माझ्या डोळ्यांसमोर घडला. पोस्टरांविरुद्ध इस्रायलच्या तिथल्या राजदूतांनी जाहीर निवेदन काढलं: या मोहिमेमुळे वाईट आठवणी जाग्या होतात, द्वेष आणि भीती पसरते, ती थांबवा. लगेच जेरुसलेमच्या परराष्ट्र खात्याने खुलासा केला की सोरोसवरची टीका आम्हाला चुकीची वाटत नाही, तो आमच्या सरकारांना कमकुवत करतो. कारण साधं होतं, त्याच महिन्यात नेतान्याहू बुडापेस्टला येणार होते. राजदूत बरोबर होते आणि त्यांचं सरकार चुकलं, असं माझं स्पष्ट मत आहे. एखादी गोष्ट ज्यूद्वेषी आहे की नाही, हे इस्रायलच्या परराष्ट्र खात्याच्या सोयीवर ठरत नाही. ती पोस्टरं बघून ज्यांच्या छातीत धस्स झालं ते हंगेरीत राहतात. मुलाने टाकलेल्या चित्राचंही तेच. अमेरिकेतल्या नवनाझींच्या संकेतस्थळाने त्याचं जाहीर कौतुक केलं होतं, यात सगळं आलं.

तुमचा दुसरा मुद्दा मला मान्य आहे, म्हणजे त्यातला पहिला अर्धा. सरकारं या शब्दाचा ढालीसारखा वापर करतात आणि त्याने सगळ्यात जास्त नुकसान खऱ्या तक्रारीचंच होतं. गाझातल्या मृत्यूंवर बोलणं हा ज्यूद्वेष नाही. पण शब्दाचा गैरवापर होतो म्हणून ती वस्तूच नाही, असं कसं म्हणता येईल? हमासच्या १९८८ च्या सनदेच्या ३२ व्या कलमात त्याच बनावट प्रोटोकॉलचा पुरावा म्हणून हवाला होता. फ्रेंच वकिलाने तिसऱ्या नेपोलियनवर लिहिलेला मजकूर, ज्यूंविरुद्ध दंगल पेटवणाऱ्या रशियन माणसाने छापलेला, गाझात येऊन पोचला. मलेशियाचे तेव्हाचे पंतप्रधान महाथीर यांनी १९९७ मध्ये त्यांचं चलन रिंगिट कोसळल्यावर सोरोसबद्दल हेच सांगितलं: ज्यूंचा कट आहे असं आम्हाला म्हणायचं नाही, पण चलन पाडणारा माणूस ज्यू आहे. म्हणायचं नाही म्हणत म्हणायचं! उजवे, डावे, धर्मवाले, सगळ्यांच्या घरी हा साचा चालतो. म्हणून मी एका बाजूला बोट दाखवून थांबत नाही.

वॉटर्लूचं सांगायचं राहिलं. लढाई १८ जून १८१५ ला झाली. नेथन रोथशिल्ड तेव्हा लंडनमध्ये होता, रणांगणाच्या आसपासही नव्हता. घोडा, वादळातली खाडी, लाच घेणारा कोळी, ही सगळी कहाणी १८४६ मध्ये, म्हणजे ३१ वर्षांनी, पॅरिसमध्ये निघालेल्या एका पत्रकातून आली. लेखकाने सही केली होती "सैतान" अशी. नेथन तोवर मरून दहा वर्षं झाली होती. खरं तर त्याने ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनच्या फौजेच्या खर्चासाठी सोनं साठवून ठेवलं होतं आणि लढाई इतक्या लवकर संपल्याने तो अडचणीत आला होता. १९४० मध्ये नाझी जर्मनीने याच कहाणीवर सिनेमा काढला. ते पत्रक, तो सिनेमा आणि मामांचा फॉरवर्ड, तिन्हीत मजकूर जवळजवळ सारखाच आहे.

आणि "सगळ्या रिझर्व्ह बँका त्यांच्या" याचं उत्तर तर मामांनाच ठाऊक असणार. आपली रिझर्व्ह बँक १ जानेवारी १९४९ पासून सरकारी मालकीची आहे. बँक ऑफ इंग्लंड त्याआधी, १९४६ मध्ये सरकारने घेतली. बँकेच्या परीक्षांना हे पाठ करावं लागतं.

---

घाटमाथा (सातारा)

सगळ्यांचे आभार. काल मामांना फोन केला. ओर्बान यांचं भाषण नाव न सांगता वाचून दाखवलं. म्हणाले, "गोबेल्स का रे?" साल सांगितल्यावर बराच वेळ बोलले नाहीत. रिझर्व्ह बँकेचं निघालं तेव्हा मात्र चिडले, "ते मला शिकवू नकोस, माहीत आहे." माहीत असून फॉरवर्ड का केलं, हे मी विचारलं नाही.

शनवारतेली, तुमची पोस्ट त्यांना पूर्ण वाचून दाखवली. मामींनी मध्येच फोन घेतला. त्यांचं माहेर पेणचं. त्यांच्या आळीत एक पेणकर कुटुंब होतं, मुंबईला आणि मग इस्रायलला गेलं, सणाला त्यांच्याकडून मलिदा यायचा: पोहे, ओलं खोबरं, साखर. ते लोक ज्यू होते हे मामांना लग्नाला इतकी वर्षं होऊनही माहीत नव्हतं.

सोरोसबद्दल मात्र मामा हटले नाहीत. त्यांचा प्रश्न आहे: "ठीक आहे, कट सोड. भारतात त्याने कुणाला किती पैसे दिले हे मला कळायला नको का?" मला हा प्रश्न रास्त वाटतो. कुठे बघायचं?

---

डॅन्यूबकाठी (मूळ मिरज)

अगदी रास्त प्रश्न आहे, आणि हा प्रश्न माणसाबद्दल आहे. सोरोसची संस्था दिलेल्या अनुदानांची यादी स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवते. त्यात देश, संस्था, वर्ष, रक्कम आणि कारण शोधता येतं. दुसऱ्या बाजूने बघायचं तर परदेशी देणगी घेणाऱ्या भारतातल्या प्रत्येक संस्थेला त्यासाठीच्या कायद्याखाली केंद्रीय गृह खात्याला दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. ज्या संस्थेचा संशय असेल तिचे त्या वर्षाचे लेखापरीक्षित हिशेब मागवा आणि दोन्ही आकडे जुळतात का बघा. हे मामांच्या हातचं काम आहे, आयुष्यभर त्यांनी तेच केलंय.

एक करा. ते यादी बघायला बसतील तेव्हा फक्त सोरोसची नको, भारतात पैसा पाठवणाऱ्या इतर मोठ्या परदेशी देणगीदारांचीही बघायला सांगा. आणि जी नोंद त्यांना खटकेल ती रकमेसकट, वर्षासकट इथे टाका. मी शनिवार-रविवारी मोकळी असते, बसून तपासू.